हेलनच्या नावापुढची जागा

पोर्टलेननच्या दफनभूमीत आमच्या घराण्याचा जो दगड आहे, त्याच्यावर एक चूक आहे असं मी तीस वर्षं समजत होते. दगडावर कोरलंय ते असं: 'मासेमार जेम्स स्लेटर याने आपली बायको हेलन', मग वीतभर कोरी जागा, आणि मग 'हिच्या स्मरणार्थ हा दगड उभा केला'. आमच्याकडे लग्न झालेली बाई दगडावर माहेरच्या आडनावानंच जाते. संसार कितीही वर्षांचा असो, मेल्यावर ती बापाची. हेलनचं माहेरचं आडनाव तेवढं कोरायचं राहिलं होतं. कारागीर दारू पिऊन आला असेल, अशी माझी समजूत. मी नर्स. अर्धवट भरलेला कागद दिसला तरी माझं डोकं फिरतं, इथं तर दगड होता.

मी मूळची वाईची विमल. सातासमुद्रापार इथल्या इस्पितळात नोकरीला आले, गॉर्डन स्लेटरशी लग्न केलं आणि इथलीच होऊन गेले. गॉर्डनची स्वतःची मासेमारीची बोट आहे. त्याचे वडील अलेक, म्हणजे माझे सासरे, त्र्याऐंशीव्या वर्षीही रोज सकाळी बंदरावर जाऊन जाळ्यांना नावं ठेवत बसायचे. आणि त्यांची थोरली बहीण जेसीआत्या. तिनं लग्न केलं नाही. आयुष्यभर हेरिंग मासे साफ केले, हात झिजवले, जिभेची धार मात्र जपून ठेवली.

हेलन ही या दोघांची आजी, पण दोघांच्याही जन्माआधी गेलेली. ती कोरी जागा जेसीआत्याला सुखानं मरू देत नव्हती. त्या जानेवारीत तिची छाती भरली, तेव्हा तिनं मला पलंगाशी बोलावलं.

"विम, माझं नाव कुठं कोरणार?"

"दगडावर. खाली जागा आहे की."

"मग ऐक. माझ्या डोक्यावर आजीचं अर्धंच नाव ठेवून मला पुरलंत, तर रोज येऊन तुझ्या नवऱ्याचे पाय ओढीन. आधी ती जागा भर. मग मी."

"आत्या, एवढी घाई कसली?"

"मला नाही गं घाई. छातीला आहे."

हेलनला गावात सगळे 'टेकडीची नेल' म्हणत. वरच्या ड्रमलेथच्या शेतांवर ती मोलकरीण होती. मासेमारानं मासेमाराचीच पोर करावी हा इथला जुना नियम, कारण मासेमाराची बायको म्हणजे अर्धी बोट. गळांना शिंपल्यातलं मांस लावायचं तिनं. मासे पाठीवरच्या टोपलीत घालून शेताशेतांवर विकायचे तिनं. आणि पहाटे नवऱ्याला पाठुंगळी घेऊन बोटीपर्यंत पोचवायचं, तेही तिनंच. पुरुष ओल्या पायांनी बोटीत चढला तर दिवसभर गारठून जायचा. म्हणून बाया परकर खोचून कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उतरायच्या आणि नवऱ्याला कोरडाच्या कोरडा बोटीत ठेवून यायच्या.

नेल लहानखुरी आणि जेम्स हा दांडगा. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला घेऊन पाण्यात शिरली तेव्हा शेतातल्या पोरीची फजिती बघायला सगळं गाव किनाऱ्यावर आलं होतं, आणि फजिती झालीही. चार पावलांत दोघंही पाण्यात. बाया पोट धरधरून हसल्या. दुसऱ्या दिवशी गाव परत जमलं. नेलनं दात-ओठ खाऊन जेम्सला उचललं, बोटीत ठेवलं, परत आली आणि कमरेवर हात ठेवून त्या बायांना म्हणाली, "आता कुणाचा राहिलाय?" एक म्हातारा विधुर कडेला उभा होता, त्यालाही तिनं पाठीवर घातलं. तो मरेपर्यंत रोज ती त्यालाही पोचवायची, असं आत्या सांगते. पुढं साठीला टेकल्यावरही ती बोटांना चिंध्या गुंडाळून हेरिंग साफ करायला बसायची. मिठानं हात फुटून रक्त यायचं, पण सुरी थांबायची नाही.

एवढं सगळं घराला पाठ, आणि आडनाव कुणाला माहीत नाही. जेसीआत्या लहानपणी तिच्या वडिलांना विचारायची, "तुमच्या आईचं नाव काय हो?" ते नेलचे धाकटे चिरंजीव. ते नुसतं म्हणायचे, "तिला नाव नव्हतं गं. तिला काम होतं."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. जिल्ह्याच्या गावी सरकारी नोंदी आहेत, एक दिवस जाऊन बसलं की झालं. मी बसने गेले, नेलच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी काढायला लावल्या आणि थक्क झाले. थोरल्या मुलाच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव हेलन मेअर. दुसऱ्याच्या नोंदीत हेलन स्मिथ. मुलीच्या नोंदीत हेलन काउई. मग परत मेअर. प्रत्येकीखाली बापाची सही म्हणून जेम्सची फुली, तीच ती वाकडी फुली. घरी आल्या आल्या मी सासऱ्यांना धरलं.

"बाबा, तुमच्या आजोबांना बायका किती होत्या?"

"एक."

"कागदावर तीन दिसताहेत."

"अगं, एकीनंच त्यांना पहिल्या दिवशी समुद्रात बुडवलं. तिघींनी काय शिल्लक ठेवलं असतं?"

मग नेलच्या मृत्यूची नोंद काढली. ती लिहून दिली होती तिच्या धाकट्या मुलानं, म्हणजे आत्याच्या वडिलांनी. 'मृताच्या वडिलांचे नाव' या रकान्यात त्यांनी सांगितलं होतं: माहीत नाही. माझा संताप झाला. ज्या आईनं पाठीवर ओझी वाहून तुला वाढवलं, तिच्या बापाचं नाव तुला माहीत नाही? हा मुलगा आहे की कोण! शेवटी तिथंच कपाटात ठेवलेली आमच्या पोर्टलेननच्या चर्चची लग्नाची जुनी वही बघितली. सरकारी नोंदी सुरू होण्याआधी लग्नं फक्त चर्चमध्येच लिहिली जात. त्या वहीत जेम्स स्लेटरचं लग्नच नव्हतं. मी हात टेकले.

"लग्न केलंच नसेल, आत्या. तशीच राहिली असतील दोघं."

आत्या उशीवरून उठून बसली. "हे बघ, आमच्या घरात पाप नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पाप करायला वेळ कुणाला होता? परत जा आणि नीट शोध."

मी परत गेले नाही. शोधायचं कुठं, तेच कळेना. आत्याचा खोकला वाढत होता आणि तिच्या खोलीत पाऊल टाकायचीही मला लाज वाटू लागली होती.

मार्चमधली गोष्ट. गॉर्डन दुपारच्या भरतीला बोट काढणार होता. सासरे थर्मास घेऊन बंदराकडे निघाले आणि दोन घरं पलीकडे नळ दुरुस्त करणाऱ्याची गाडी येऊन उभी राहिली. गाडीच्या अंगावर त्याचं आडनाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. सासरे जागच्या जागी थांबले. आमच्या कुंपणाचा लोखंडी गज त्यांनी मुठीत धरला, डावीकडे थुंकले, आणि तसेच घरात येऊन खुर्चीत बसले.

"चहा टाक. आज गॉर्डन जात नाही."

"का?"

"नळवाला आलाय."

आमच्या किनाऱ्यावर तीन-चार आडनावं अशी आहेत की ती मासेमारांनी तोंडातून काढायची नाहीत. कधीपासून आणि का, हे कुणी सांगू शकत नाही. ऐकू आलं किंवा समोर दिसलं तर थंड लोखंडाला हात लावायचा आणि थुंकायचं, आणि त्या दिवशी बोट बंदरातून काढायची नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सकाळी न्याहारीला इस्पितळातल्या एका डॉक्टरांचं कौतुक करता करता त्यातलं एक नाव घेतलं, तर घरातली सगळी माणसं ताटं सोडून चुलीच्या लोखंडाला चिकटली होती. ती नावं मी इथंही उगाच लिहीत नाहीये. माझा यावर काडीचा विश्वास नाही, पण गॉर्डन अजून बोट चालवतो.

त्या दिवशी मी चिडले. दिवसाची मासळी गेली, कशापायी, तर एका भल्या माणसाच्या आडनावापायी.

"बाबा, त्याला बिल देताना काय म्हणता हो?"

"नळवाला म्हणतो."

"आणि त्याच्या पोराला?"

"नळवाल्याचा."

"आणि उद्या सरकारात त्याचं नाव सांगायची वेळ आली तर? कायद्यानं सांगावंच लागलं तर?"

सासऱ्यांनी चहात साखर ढवळली. "दुसरं कुठलंतरी सांगीन. सरकार काही माझ्याबरोबर समुद्रात येत नाही."

माझ्या हातातली किटली हातातच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या घरात तीस वर्षं राहिले, त्या घराची रीत मला दिसली नव्हती. जेम्स स्लेटर सरकारात गेला, बायकोचं आडनाव विचारलं, आणि त्या वेळी जे तोंडात आलं ते सांगून तो फुली मारून आला. पुढच्या पोराच्या वेळी आधी काय सांगितलं होतं हे विसरला आणि दुसरं सांगितलं. मुलगाही तसाच. आईचं नाव त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो 'माहीत नाही' म्हणाला. दोन पिढ्यांनी नाव घेतलं नाही आणि तिसऱ्या पिढीला ते खरंच माहीत राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गॉर्डनची बोट गेली आणि सकाळच्या बसने मी. या वेळी आमच्या चर्चची वही मी मागितलीच नाही, त्याच कपाटातली वरच्या ड्रमलेथची मागितली. असलं नाव आमच्या चर्चमध्ये लिहिणार कोण? लग्न पाच मिनिटांत सापडलं. सन १८५३, जेम्स स्लेटर, पोर्टलेनन, आणि हेलन. पुढं आडनाव, त्या तीन-चारांतलंच. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पंचमंडळाचे इतिवृत्त पाहावे'. चर्चच्या पंचांच्या बैठकीचं ते इतिवृत्त मी काढलं आणि वाचायला बसले.

लग्नाआधी वर-वधूची नावं लागोपाठ तीन रविवारी दोघांच्याही गावच्या चर्चमध्ये मोठ्यानं वाचायची, हा कायदा. जेम्सनं अर्ज केला होता की पोर्टलेननला ती वाचू नयेत. म्हणून पंचांनी दोघांना बोलावलं होतं. इतिवृत्तात असं आहे:

'सदर जेम्स यास विचारले असता तो म्हणाला की मुलीविषयी त्याची तक्रार नाही, परंतु तिचे आडनाव पोर्टलेनन येथे वाचले गेल्यास सोमवारी एकही बोट निघणार नाही व मुलेबाळे उपाशी राहतील. ही निव्वळ अंधश्रद्धा असल्याचे त्यास बजावून दंड करण्यात आला. सदर हेलन हीस विचारले असता ती म्हणाली की नाव तिचे आहे व ते कोठे ठेवावे हे ती पाहील. लग्न करून जाताना ते ती शेताच्या फाटकाशी ठेवून जाईल. तिच्या नावाने कोणाचा नवरा बुडाला असे कोणी म्हणावे, हे तिला सोसवणार नाही.'

एकोणीस वर्षांची मोलकरीण, समोर दाढ्या वाढवलेले पंच, बाजूला घाबरलेला एवढा मोठा जेम्स, आणि ही पोर शांतपणे सांगतेय की माझं नाव मी फाटकाशी ठेवीन. वाचायला येत नसताना, सही येत नसताना, जगात स्वतःचं म्हणून जे एकच होतं तेच ती सोडून आली. वर आयुष्यभर त्याच लोकांना पाठीवर घेऊन कोरडं बोटीत ठेवत राहिली. मी पुष्कळ शूर माणसं पाहिलीत, वॉर्डात रोज पाहिलीत. पण त्या टेबलाशी बसून मी जशी थरारले तशी कधी थरारले नव्हते.

आणि मग तो दगडही मला कळला. बंदराकडे जाणारी वाट दफनभूमीच्या भिंतीलगत जाते. जेम्सनं खरं नाव कोरलं असतं तर बोटीकडे निघालेल्या एखाद्यानं ते वाचलं असतं. खोटं नाव सरकारात चालून गेलं होतं, पण तिच्या डोक्याशी, देवाच्या दारात, खोटं कोरायला त्याचा हात धजला नाही. म्हणून त्यानं तिच्या नावाएवढी जागा राखून ठेवली. आणि मी मेली तिला चूक म्हणत होते.

परतीच्या बसमध्येच वारा सुटला. पोर्टलेननला उतरले तेव्हा समुद्र पांढरा झाला होता आणि गॉर्डन बाहेर होता. जेसीआत्या खिडकीशी उशांना टेकून बसली होती.

"सापडली?"

"सापडली."

"मग सांग की."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. बाहेर वारा पत्रे वाजवत होता. मी शिकलेली, लोकांना इंजेक्शनं देणारी, अंगारे-धुपारे सोडा म्हणणारी बाई. माझ्या तोंडातून ते नाव बाहेर पडेना.

"बोट येऊ दे, आत्या."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. ती मासेमाराची पोर, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. "अस्सं. त्यातलं आहे होय."

"कागदावर लिहून देऊ?"

"कागदावरही नको. गॉर्डनला येऊ दे. मी थांबते."

वारा काही थांबेना. आत्याचे ओठ निळसर दिसायला लागले आणि त्याचा अर्थ मला चांगला कळत होता. तिच्या कानाशी वाकून दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. मी तिची नाडी धरून बसायची आणि बोलायची नाही. नवरा की आत्या, असा हिशेब मनात यायचा आणि स्वतःचीच चीड यायची. ज्या जेम्सला मी मनातून भित्रा म्हणून मोकळी झाले होते, त्याची बायको घरात आणि भाऊबंद समुद्रावर असताना त्याचं काय होत असेल ते मला तेव्हा समजलं.

वारा पडल्यावर एका दुपारी सासरे बंदरावरून ओरडत आले, "आली! आली!" पाठोपाठ गॉर्डन दारात, डिझेलचा आणि मासळीचा वास मारणारा, डोळे लाल. मी त्याला हातानंच बाजूला सारलं, आत्याकडे धावले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. तिनं डोळे मिटले. आवाज न करता ते नाव ओठांवर दोनदा घोळवलं. मग पंचांपुढं नेल काय म्हणाली, ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि एकदम आत्या हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली.

"अलेक, अरे तो नळवाला आपला नातेवाईक निघाला! इतकी वर्षं घरच्याच माणसावर थुंकत आलास तू!"

सासऱ्यांनी चुलीचं लोखंड दोन्ही हातांनी धरलं. चेहरा पांढराफटक. "दगडावर कोरायचं नाही," ते म्हणाले. "रोज माझा पोरगा त्या भिंतीखालून जातो. मी जिवंत असेपर्यंत नाही."

"तुझ्या आजोबांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून ती कमरेइतक्या पाण्यात उतरत होती," आत्या म्हणाली. "एवढा थोरला गडी तिनं रोज उचलला. तुला तिचं एक नाव उचलवत नाही?"

सासरे बाहेर पडले. दार आपटलं नाही, पण उघडंच टाकून गेले. त्यानंतर कितीतरी आठवडे त्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही नाही. आत्या तेवढ्या काळात वसंताच्या उबेनं जरा सावरली.

मग मे महिन्यात एका रविवारी ते काळा कोट घालून तयार झाले आणि आत्याची चाकांची खुर्ची स्वतः ढकलायला लागले. आम्ही मागं गेलो. दफनभूमीत आधीच एक माणूस टोपी हातात घेऊन अवघडून उभा होता. नळवाला. नंतर त्यानंच मला सांगितलं, सासरे एक दिवस त्याच्या दारात जाऊन म्हणाले होते, "चल माझ्याबरोबर. दगड कोरणाऱ्याला एक नाव सांगायचंय, ते माझ्या तोंडून निघणार नाही. तू सांग, मी बाहेर उभा राहतो."

दगडावरची जागा भरली होती. नवी अक्षरं जुन्यांपेक्षा उजळ होती, पण मापात बरोबर बसली होती. जेम्सनं जागा मोजूनच सोडली होती. जेसीआत्यानं हात लांब करून एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"आता मरायला हरकत नाही," ती म्हणाली. "पण घाई पण नाही."

सासरे दफनभूमीच्या फाटकाचा लोखंडी गज धरून उभे होते. त्यांनी मान वळवून खाली बंदराकडे पाहिलं.

"विम, सगळ्या बोटी आत आहेत ना?"

"आहेत, बाबा. सगळ्या."

त्यांनी गज सोडला. दगडापाशी आले, टोपी काढली, आणि त्र्याऐंशी वर्षांत जे नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"हेलन डफस."

ते थुंकले नाहीत. थोडं वाकून, दाराशी ताटकळलेल्या माणसाला बोलवावं तसं, म्हणाले, "ये गं आजी. आत ये."